तीन भोकांचा पट्टा

प्रिय ताई,

हे पत्र लिहायचं मी सहा दिवस टाळलं. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं तर कागद नव्हता. मग गोदामातून जुन्या पोचपावत्यांचा गठ्ठा उचलून आणला, त्यांच्या पाठी कोऱ्या असतात, तर नेमका खोलीतला बल्ब गेला. बल्ब आणायला निघालो, वाटेत एक माणूस एकटाच दुकानाची पाटी रंगवत होता, त्याची शिडी डगमगत होती, ती धरून तासभर उभा राहिलो. असं एकेक. तू म्हणशील, यात नवीन काय, तुझं आयुष्यच दुसऱ्यांच्या शिड्या धरण्यात चाललंय. खरंय. पण या वेळी मी रमलो नव्हतो ताई, लपलो होतो.

फोन का नाही केलास, असंही म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडातून आपोआप खोटं बाहेर पडतं, सवयच लागलीय आता. कागदावर तसं होत नाही. शाळेपासून माझा हात जड. एक खोटं वाक्य लिहायला इतका वेळ लागतो की ते पुरं व्हायच्या आत लाज वाटते.

इथलं तसं बरं चाललंय. काचेचे दिवे खोक्यात भरायचं काम आहे. दिवा कागदात गुंडाळायचा, भुशात बसवायचा, झाकण लावायचं आणि खोका कानाशी धरून हळूच हलवायचा. आतून काही वाजलं तर परत उघडायचा. दुसरे लोक दहातले दोन तरी फुटके सोडतात, माझा एकही जात नाही. मुकादम म्हणाला, ‘काय रे, कान आहेत का काय आहेत? कुठे शिकलास?’ मी म्हटलं, घरी. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. त्याला काय सांगू, की आमच्या बाहेरच्या खोलीत दिवसभर हेच चालायचं. कोणी वाद्य दुरुस्तीला आणलं की बाबा आधी ते हातात घेऊन कानाशी हलवायचे, आणि न उघडताच सांगायचे, ‘एक स्क्रू सुटलाय आणि एक उंदीर राहून गेलाय.’ आणि आपण दोघं दाराआड फिदीफिदी हसायचो. तेच कान आता चाललेत. डावा गेला, उजवा वर्षअखेरपर्यंत, असं तू सांगितलंस, तेव्हा माझ्या हातात खोका होता. ठेवला मी तो खाली. तो तेवढा एक न तपासता गेला असेल.

भरकटलो. थोरलीबद्दल लिहायचंय.

आठवतं, तू किती चिडायचीस? घरात पहिली मुलगी तू, आणि बाबा त्या अकॉर्डियनला थोरली म्हणायचे, तुझ्याआधी घरात आली म्हणून. ‘मग मी कोण?’ ‘तू धाकटी.’ ‘आणि हा?’ ‘हा पायाला भिंगरी लावून आलाय, याला क्रमांक नाही.’ तिचा चामड्याचा पट्टा आठवतो ना? शेवटचं भोक बाबांचं, ऐसपैस. तू आठ वर्षांची झालीस तेव्हा त्यांनी आरी घेऊन तुझ्या मापाचं दुसरं पाडलं. आणि मी सहाचाच होतो, पण रडून गोंधळ घातला, म्हणून माझं तिसरं, बकलाला अगदी चिकटून. वाद्य माझ्यापेक्षा रुंद. मागून बघणाऱ्याला वाटायचं पेटीलाच पाय फुटलेत. तू तोडलेली ती पट्टी, तिच्यावर बाबांनी जुन्या पियानोतला हस्तिदंताचा तुकडा घासून बसवला होता. बाकीच्या पांढऱ्या आणि ती एकटी पिवळट. दातांमधला सोन्याचा दात जसा.

मी घर सोडलं तेव्हा ती त्यांनी मला दिली. तू दारात तोंड फिरवून उभी होतीस, म्हणून ते हळूच काय म्हणाले ते तुला माहीत नसेल. म्हणाले, ‘असू दे बरोबर. ओझं असलेला माणूस फार लांब जात नाही.’

ताई, ती मी देऊन टाकली. गेल्या थंडीत. अदलाबदल केली.

आता लिहिलंय खरं. थांब, पाणी पिऊन येतो.

झालं असं, की मला ती जड होत होती. वजनाने म्हणतोय. चार खोल्या बदलल्या, प्रत्येक ठिकाणी जिना, प्रत्येक ठिकाणी शेजाऱ्यांची भिंतीवर थाप. महिनोन्महिने मी तिचं झाकणही उघडलं नव्हतं. मग फोनवर एक जाहिरात दिसली. निळ्या मखमलीवर ठेवलेली क्लॅरिनेट, पाच तुकड्यांत सुटणारी, पिशवीत मावणारी. खाली लिहिलेलं, अकॉर्डियनच्या बदल्यात देईन. माणसाने स्वतःचं नाव लावलं होतं ‘जुना वादक’. चार दिवस आम्ही एकमेकांना लिहीत होतो. काय लिहायचा गं! वाद्य पैसे बघून देऊ नये, माणूस बघून द्यावं. ज्याच्या घरी ते गप्प बसलंय त्याने ते वाजवणाऱ्याच्या हाती सोपवावं. मला वाटलं, हा माझंच मन वाचतोय. आता कळतं की असं तो सगळ्यांनाच लिहीत असणार.

बस स्थानकामागच्या गाड्या लावायच्या जागेत भेटलो. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. मी झाकण उघडलं, पट्टा खांद्यावर घेतला आणि म्हटलं, वाजवून दाखवतो. तर त्याने हात वर केला. ‘अहो, छे! वाजवणाऱ्याचा शब्द पुरे आहे मला.’ मी आतून असा काही सुखावलो, काय सांगू. मला वादक म्हणाला! आणि त्याने माझं वाद्य ऐकलं नाही म्हटल्यावर मी कोणत्या तोंडाने त्याचं ऐकवा म्हणणार होतो? ज्या घरात प्रत्यक्ष राजा आला तरी फुंकून बघितल्याशिवाय बासरीसुद्धा उंबऱ्याच्या आत यायची नाही, त्या घरातला मुलगा मी. न फुंकता घेऊन आलो. आणि खरं सांगायचं तर मीही काही धुतल्या तांदळाचा नव्हतो. ओल धरली की डावीकडचं एक बटण अडकायचं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. मनात म्हटलं, बरं झालं, नको म्हणाला.

थंडी होती तोवर क्लॅरिनेट वाजली. मग एक दिवस माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या आचाऱ्याने शेगडी पेटवली, मी शेजारी बसून वाजवत होतो, तर सूर घोगरा व्हायला लागला आणि बुटाच्या पॉलिशचा वास आला. मला वाटलं, आचाऱ्याचेच बूट. बोटं बघितली तर काळी. वरच्या तोंडापासून तिसऱ्या भोकापर्यंत उभी चीर होती ताई. तिच्यात मेण भरून वर पॉलिश चोळलेलं. ऊब लागली आणि सगळं पाघळलं. आचारी म्हणाला, ‘वाद्य आहे का मेणबत्ती?’ त्या माणसाला लिहायला गेलो तर ‘जुना वादक’ नावाचा कोणी अस्तित्वातच नव्हता.

तरीही मी स्वतःची समजूत घातली होती. फसलो, शहाणा झालो, बाबांना कधीतरी हसत सांगू. मग तुझा फोन आला, कानांचा. आणि तू म्हणालीस, बाबांना माणसांचं बोलणं आता कळत नाही, दाराची कडी ऐकू येत नाही, पण ते म्हणतायत थोरली आणा. छातीला लावली की ती कानातून नाही, हाडांतून ऐकू येईल. उजवा कान आहे तोवर एकदा सुरात लावून घेतो, मग पुढे नुसती छातीला लावून बसलो तरी मला कळेल काय वाजतंय ते.

आणि मी म्हटलं, एक पट्टी अडकलीय, दुरुस्तीला दिलीय.

वाद्य दुरुस्त करणाऱ्या बापाला मी सांगितलं की वाद्य दुसऱ्याकडे दुरुस्तीला दिलंय! तोंडातून गेलं आणि मग मागे घेता येईना. त्यातून तू दर वेळी त्यांचे निरोप एकामागून एक सांगायचीस. त्याला म्हणावं स्क्रू डावीकडून काढ. त्याला म्हणावं भात्याला गरम हवा दाखवू नकोस. आणि मी त्या नसलेल्या माणसाची उत्तरं आणून द्यायचो. त्याला मी म्हातारा केला, चष्मा दिला, खोकला दिला. तू म्हणालीस, बाबा म्हणतायत माणूस कामाचा दिसतोय, घाई करत नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

शोधली गं मी तिला. जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली, जाहिराती बघून बघून डोळे गेले. आणि सापडली ती कामावर असताना. कॉफीचं एक नवीन दुकान उघडतंय, त्यांना आमच्याकडचे दिवे हवे होते, मी गाडीबरोबर खोके उतरवायला गेलो. समोरच्या भिंतीवर थोरली. भाता पुरा ताणून दोन्ही टोकांना खिळे ठोकलेले. पिवळी पट्टी दिसली, नाहीतर मी ओळखलीच नसती. मालक भला माणूस आहे, मी बघत राहिलो म्हणून कौतुकाने जवळ आला. म्हणाला, ‘आवडलं? एक जण जुन्या वाद्यांचे सुटे भाग विकतो, त्याच्याकडून नुसतं कवच घेतलं. आतलं सगळं काढलेलंच होतं. आता भात्यात दिवे सोडणार, मस्त उजेड झिरपेल.’ ते दिवे मी भरले होते ताई. एकेक कानाशी धरून.

आतल्या त्या पोलादी जिभल्या, बाबा एकेक घासून सुरात आणायचे, त्या कुठे कुठे विकल्या गेल्या देव जाणे. मी मालकाला फक्त विचारलं, हिला पट्टा होता का. म्हणाला, ‘होता ना, लोंबत होता म्हणून काढून टाकला. हवाय? घे की.’ मालाच्या खोलीतून आणून दिला. तिन्ही भोकं शाबूत आहेत.

तरी गेल्या आठवड्यात तू विचारलंस तेव्हा मी परत खोटंच बोललो. म्हटलं, म्हाताऱ्याने पट्टीला तेल घातलंय, दोन दिवसांत मोकळी होईल. घाईत जे सुचलं ते बोललो. फोन ठेवल्यावर आठवलं. लहानपणी मी एकदा असंच तेल घालायला गेलो होतो आणि आयुष्यात त्या एकदाच बाबांनी माझ्यावर हात उगारला होता. तेल घातलं की धूळ चिकटते, चामडं आखडतं, वाद्य मेलं. तू सांगितलंस, बाबांना लिहून दाखवलं तर त्यांनी हातातला कप खाली ठेवला, उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. ताई, नसलेल्या वाद्यासाठी ते तिथे दिवसभर बसून राहिले.

म्हणून हे पत्र. तुला सगळं सांगून एकच मागायचं होतं. तू त्यांना सांग. मला जमणार नाही. तू लिहून दाखव, तुझं अक्षर चांगलं आहे, तुझ्यावर ते रागावत नाहीत. मी पट्टा टपालाने पाठवतो, तो त्यांच्या हातात दे आणि मग सांग. हवं तर सांग की माझ्याकडून चोरीला गेली. नको, चोरीचं नको. आहे तसंच सांग.

एवढं लिहून खिडकीपाशी आलो. खाली मालकीणबाई कोणावर तरी ओरडतायत, ‘अहो आजोबा, कोण हवंय? कोण?’ आणि तो माणूस उत्तरच देत नाहीये, वर खिडक्यांकडे बघत नुसता उभा आहे. डोक्यावर तपकिरी टोपी. हातात हिरवी पत्र्याची पेटी, कोपऱ्यातला पोचा इथूनही दिसतो.

ताई, बाबा आलेत. हत्यारं घेऊन. तुला तरी सांगून निघालेत का? दोन गाड्या बदलून, धड ऐकू येत नसताना, कोणी तेल घातलं ते बघायला आलेत.

आता ते जिन्यात आहेत. प्रत्येक वळणावर पेटी खाली ठेवल्याचा आवाज येतो, मग पुन्हा पावलं. क्लॅरिनेट मी पलंगाखाली ढकलली होती, ती परत बाहेर काढली. पट्टा टेबलावर ठेवलाय. तोंडाने सांगायची सोय नाही, त्यांना ऐकू यायचं नाही, आणि माझ्याने ओरडून हे सांगवणार नाही. म्हणून हे कागदच त्यांच्या हातात देतोय. सही करतो आणि दार उघडतो. दारावरची थाप त्यांना स्वतःलाही ऐकू यायची नाही, त्यांना ती मारायला लावायला नको.

हे पत्र तुला टपालाने मिळायचं नाही. मिळालंच, तर त्यांच्या खिशातून मिळेल. त्यांनी दिलं तरच वाच.

तुझाच,
क्रमांक नसलेला भिंगरी