वायफायविरुद्ध वामनराव दुर्गे

६ जानेवारी, सोमवार
आजपासून युद्ध. वाचनालयात वायफाय बसवल्यापासून भरतीची तयारी करणारी पोरं येतात, प्लगात चार्जर खुपसतात आणि कानात बोंडं घालून मोबाईलवर क्लास पाहतात. मागे माझी कपाटंच कपाटं. मान वळवून बघत नाही कोणी. मी अहेरीचा ग्रंथपाल आहे की चार्जिंग स्टेशनचा मॅनेजर?
संकल्प: उद्यापासून वायफाय बंद. पोरं आपोआप पुस्तकाकडे वळतील. सायकॉलॉजी आहे ही.

७ जानेवारी
राऊटरचं बटण दाबलं. हिरवे दिवे विझले. बरं वाटलं. पोरांनी मोबाईल खिडकीला धरले, एकाने तर पंख्याला दाखवला. राजदीपने विचारलं, "वामनभाऊ, नेट काऊन नाई येऊन राह्यलं?" म्हटलं, वरूनच बंद आहे. खोटं नाही. राऊटर कपाटाच्या वर आहे.
दुपारपर्यंत अर्धे गेले. चहाला गेले असतील.

९ जानेवारी
कमालीची शांतता. योजना यशस्वी. वाचक एकच, पेन्शनर लच्छूभाऊ. जवळ जाऊन पाहिलं तर झोपले होते. पण हातात छापील मजकूर होता, हे महत्त्वाचं.

१० जानेवारी
सचिव खुशालभाऊ आले. रिकाम्या खुर्च्या बघून म्हणाले, "पुढच्या हप्त्यात तपासणीवाले साहेब येऊन राह्यले. वाचक दिसले नाई, तर आपण 'ब' वर्गातून 'क' मध्ये जाऊ." मी बाणेदार उत्तर दिलं. मनात.
घरी बायकोला, रंभाला, योजना सांगितली. म्हणे, "तुमी सोता पुस्तक कधी वाचलं?" ग्रंथपालच वाचत बसला तर पुस्तकं कोण सांभाळणार? बायकांना प्रशासन कळत नाही.

११ जानेवारी
माझ्या मागे कोणी चालू करू नये म्हणून राऊटरच्या पाठीमागचं बारीक भोक पिनेने दाबून धरलं. सगळे दिवे एकदम लागले, मग एकच लाल उरला. हरला बेटा.

१३ जानेवारी, सोमवार
कठीण दिवस.
दिव्यानी कोवे आली. भामरागडकडच्या गावाची, तिथे नेटवर्क नाही. दोन एसट्या बदलून आलेली. वनरक्षक भरतीचं हॉल तिकीट काढायचं, पेपर परवा चंद्रपूरला. अहेरीतला टॉवर सकाळपासून गेलेला, ऑनलाइन सेंटरवाले हातावर हात ठेवून बसलेले. वाचनालयाची तेवढी वेगळी केबल, म्हणून धावत इथे.
मी शांतपणे वनसंवर्धनाचं पुस्तक पुढे केलं. म्हणाली, "हे दोनदा वाचलं, भाऊ. इथूनच नेलतं. पन तिकीट नसलं त आत कोन घेईल मले?"
दोनदा!
स्टुलावर चढलो. बटण दाबलं, पिन दाबली, वायर काढून पुन्हा लावली. दिवा लालच. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "शेवटची गाडी साडेचारची आहे."
स्कूटर काढली. तिला मागे बसवून शेजारची आलापल्ली गाठली, तिथला टॉवर चालू होता. सेंटरवर ही रांग! ओरडलो, मी ग्रंथपाल आहे! कोणी हललं नाही. दिव्यानीच म्हणाली, "राहू द्या भाऊ, थांबू ना." तिकीट निघालं. तिने फोटो नीट आला का पाहिलं, घडी करून पिशवीत ठेवलं. मग विचारलं, "वायफाय कोनी बिघडवलं?"
म्हटलं, टेक्नॉलॉजीचा काही भरवसा नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.
स्टँडपर्यंत स्कूटर जोरात हाणली. वारा फार होता.
गाडी मिळाली.
नोंद: वायफाय कुणाला स्कूटरवर नेत नाही. विजय माझाच.

१५ जानेवारी
नेटवाला आला. "रिसेट कोनी मारला?" म्हटलं, उंदीर असतील. म्हणे, "पिन घेऊन?" खुशालभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाची धूळ पुसली.

१७ जानेवारी
तपासणी. सकाळी स्वतःच्या हाताने गेटवर पाटी लावली: वायफाय सुरू आहे. ही माघार नाही, गनिमी कावा. साहेब येईपर्यंत एक खुर्ची रिकामी नव्हती. दिव्यानीपण आली. पेपर बरा गेला म्हणे. मग कानात बोंडं घालून बसली.
'ब' वर्ग वाचला. साहेब म्हणाले, तुमची दृष्टी आधुनिक आहे. मी ते नम्रपणे मान्य केलं.

२० जानेवारी, सोमवार
सुरज नावाचा नवा उमेदवार आला. प्लगकडे न जाता सरळ माझ्या टेबलाशी! अदबीने म्हणाला, "भाऊ, नाव सांगा न." शेवटी ग्रंथपालाची ओळख विचारणारा एक तरी निघाला. चष्मा पुसला. सावकाश सांगितलं: वामनराव दुर्गे, एम.लिब. स्पेलिंगसुद्धा सांगितलं. त्याने मोबाईलवर बराच वेळ शोधलं.
म्हणे, "या नावाचं त काईच दिसून नाई राह्यलं, भाऊ. वायफायचं नाव सांगा."