पुलावरचा दहीभात

५ जानेवारी
वीराणम् तळ्यावरचा पूल सुरू झाला एकदाचा! स्कूटर काढली नि कुंभकोणमहून थेट रंजनीच्या दारात. पूर्वी तळ्याच्या बांधावरून वळसा घालायचा, पाठीचा खुळखुळा व्हायचा. म्हणून वर्षाकाठी एखादी खेप. आता दर रविवारी जाणार!

"अप्पा, जेवूनच जा."

नाही म्हटलं. नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरी जेवायचं नाही — आपल्यात असंच. माझ्या बायकोनं, वसंतानं, मरेपर्यंत पाळलं, तिच्या माघारी मी मोडू? नुसती फिल्टरची कापी घेतली. कापीपुरती सूट वसंतानंच दिली होती, देव तिचं भलं करो!

१२ जानेवारी
परतताना पुलावर थांबलो, कठड्याशी डबा उघडला. दहीभात, लोणचं. मीठ विसरलो! पण वारा काय सुरेख.

१४ जानेवारी
पोंगल. गोडभात एकट्यापुरता केला. तळाशी लागला.

१९ जानेवारी
"जेवूनच जा." पुन्हा नाही म्हटलं. रंजनीनं कापीचा पेला पुढं केला — "कापीला नातवंड लागत नाही वाटतं?"

थट्टा केली म्हणे. तोंडावर हसू नव्हतं. लग्नाला नऊ वर्षं झाली पोरीच्या.

२६ जानेवारी
पुलावर डबा उघडतो तोच मागून मोटारसायकल — जावई कृष्णकुमार, आणि मागं रंजनी! हातात डबा.

"माझ्या घरी जेवत नाही ना? पूल काही माझा नाही!"

बसली शेजारी फतकल मारून. तिचा वांग्याचा रस्सा मी खाल्ला, माझा दहीभात तिनं. "अप्पा, मीठ कुठंय?" दोघं पोट धरून हसलो. लॉऱ्या धडधडत जात होत्या.

मग हळूच म्हणाली, "डॉक्टरकडं जाणं थांबवलं आम्ही. मूल होणार नाही, अप्पा."

कृष्णकुमार पाण्याकडं बघत उभा राहिला. मी लोणच्यातली मोठी फोड तिच्या डब्यात टाकली, लहानपणी टाकायचो तशी. घरी येऊन ढसाढसा रडलो.

२७ जानेवारी
वसंताच्या फोटोशी भांडलो. रीत म्हणे रीत! दर रविवारी मी पोरीच्या जखमेवर मीठ चोळत होतो — आणि माझ्या दहीभातात घालायला विसरत होतो. तू असतीस तर तूच आधी पाटावर बसली असतीस. बसली असतीस ना गं?

२ फेब्रुवारी
डबा नेलाच नाही. पाटावर बसलो, म्हटलं, "वाढ."

तीनदा भात मागून घेतला. परतताना पुलावर थांबलो नाही — पोट भरलं होतं.