पूर्वेकडे तोंड करून

व्हाइनलँड, न्यू जर्सी
सोमवार, १५ मार्च २००४

प्रिय फ्रूमाताईस,
धाकट्या हिर्शलचा शालोम.

तुझं पत्र पुरीमच्या सणाच्या आदल्या दिवशी पोचलं. मी आणि रिव्का बरे आहोत, मुलं पेसाहच्या सणाला घरी येतील. थंडी ओसरली, कोंबड्या पुन्हा नीट अंडी देऊ लागल्या. रिव्काने पुरीमला खसखशीच्या तिकोनी करंज्या केल्या होत्या. यंदा मात्र त्यांचं ताट कुंपणापलीकडे कार्मेलोकडे गेलं नाही.

येशूचा छळ दाखवणारा तो सिनेमा इथेही लागलाय. मी पाहिला नाही. कार्मेलोने पाहिला आणि तसाच कुंपणाशी येऊन उभा राहिला, डोळे सुजलेले.

"हिर्शल, तुमच्या यहुदी लोकांनी त्याचे एवढे हाल का केले रे?"

"कार्मेलो, मी तेव्हा अंडी गोळा करत होतो," मी म्हणालो.

तो हसला नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद होतं. बाबांच्या कबरीवर आपल्याबरोबर माती लोटणारा माणूस, ताई! सकाळी खुराड्यात जाताना त्याच्या बाजूला बघायचंच नाही, हे मला फार जड गेलं.

तू लिहिलंस, 'या दिवसांत चर्चकडे फिरकू नकोस, बाबांची मान आठव.' आठवते. लहानपणी गुड फ्रायडेला शाळेतून परतताना ख्रिस्ती पोरांकडून मागून आलेला तो दगड, मानेवरची ती खूण. "त्यांच्याकडे कधी पाठ करू नका," हे त्यांचं वाक्य आपण जेवणाबरोबर गिळलंय.

तरी मी काल गेलो. चर्चमध्ये नाही, त्याच्या शेजारच्या सभागृहात. आपले रब्बी आणि त्यांचे फादर यांनी सिनेमावर बोलायला सभा ठेवली होती. खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या, आपले इकडे, त्यांचे तिकडे, जणू सोयरीक मोडायला जमलोय. कार्मेलो शेवटच्या रांगेत, टोपी हातात घेऊन.

एक बाई म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला दोष देत नाही हो."

आपला झेल्मन वाणी ताडकन म्हणाला, "मग सिनेमा पाहिल्यापासून माझ्या दुकानात का फिरकत नाही?"

"तुझे भाव बघून!" तिकडून कुणीतरी ओरडलं.

थोडं हसू झालं. मग कुणी म्हणालं, ग्रंथात लिहिलंय ते खोटं का? कुणी म्हणालं, त्या लिहिण्यापायीच आमची माणसं मेली. आवाज चढले. रब्बी माझ्या कानाशी आले, "हिर्शल, काहीतरी म्हण."

मला कसलं भाषण जमतंय? गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत जेवढं शिकलो तेवढंच. मी उठलो आणि बाबांची ती बिनशब्दांची चाल धरली, खुराड्यात कोंबड्या बिचकू नयेत म्हणून ते गुणगुणायचे ती.

आणि सवय बघ. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेत मी ती यरुशलेमकडे तोंड करून म्हणतो, तसे पाय आपोआप पूर्वेला वळले. पूर्वेला होतं त्यांचं स्वयंपाकघर, कॉफीचं पातेलं. दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं, साऱ्या सभेकडे माझी पाठ आहे. मागे खुर्च्या सरकल्या. ताई, बाबांची खूण होती नेमक्या त्याच जागी माझ्या मानेवर काटा आला. पण चाल अर्धी सोडवेना.

तेवढ्यात मागून एक जाड, बेसूर आवाज लागला. तिसऱ्या ओळीला भलताच वर चढला आणि मी ओळखला. लहानपणापासून कुंपणापलीकडून ऐकून कार्मेलो ती ओळ तशीच चुकतो. बाबा ओरडायचे, "कार्मेलो, खाली उतर, पडशील!" आठवतं? मग आणखी आवाज आले, आपले, त्यांचे.

संपवून वळलो तर सगळे उभे, मी बघत होतो तिकडेच तोंड करून.

"इकडे काय आहे?" मघाच्या बाईंनी विचारलं.

झेल्मन म्हणाला, "यरुशलेम. आणि त्याच्या अलीकडे कॉफी."

बाहेर कार्मेलो माझ्या बाजूने चालू लागला. "तू पाठ फिरवलीस तेव्हा वाटलं, गेला हा. आता कायमचा."

"मलाही वाटलं, तू दगड शोधतोयस."

तो थांबला. बाबांच्या दगडाची गोष्ट त्याला ठाऊक आहे. "तसं बोलायला नको होतं मी," एवढंच म्हणाला. सिनेमा त्याला अजूनही छळतो, आणि मी तो पाहणार नाही. तो वाद संपलेला नाही. आज सकाळी मात्र रिव्काने नव्या करंज्या केल्या. ताट पलीकडे गेलं आणि कार्मेलोच्या बायकोचा, असुंताचा गरम पाव घेऊन परत आलं.

बाबा काय म्हणाले असते, ठाऊक नाही. मी त्या साऱ्या लोकांकडे पाठ केली, ताई, आणि मागून गाणं आलं. काल रात्री प्रार्थनेत बाबांना हेच सांगितलं, आज तुला सांगतोय. रागव हवं तर, पण उत्तर पाठव.

तुझा, मान शाबूत असलेला,
हिर्शल