वडिलांच्या सहीचा रकाना

पुरानी बस्ती, रायपूर
दि. २४ फेब्रुवारी २०२५

श्री. यशदीप यांस,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक आहेत. माझ्या आईचे गुडघे सोडले तर घरात कोणाची तक्रार नाही. तुमचीही प्रकृती चांगली असेल असं धरून चालते.

पत्र कामाचं आहे. रुचिता आता नववीत आहे. तिच्या शाळेची बारा मुलं मे महिन्यात दहा दिवस जपानला जाणार आहेत आणि त्यांत तिची निवड झाली आहे. टुरिस्ट व्हिसा लागतो. पासपोर्ट झाला, तिथे एका पालकाच्या शपथपत्रावर भागलं. पांढऱ्या पडद्यासमोरचा फोटो झाला, बँकेचे कागद झाले, कुठल्या तारखेला कुठल्या हॉटेलात झोपणार त्याची यादी झाली. पैशांचं मी पाहिलं आहे, त्याबद्दल हे पत्र नाही.

अडलं एका कागदावर. मूल अठरा वर्षांखालचं असेल आणि आईवडिलांशिवाय जात असेल तर दोघांचं संमतीपत्र लागतं, दोघांच्या ओळखपत्रांसह. समता कॉलोनीत चिराग नावाचा मुलगा व्हिसाची कामं करतो, शाळेनं त्यालाच नेमलं आहे. त्यानं मला विचारलं, “दीदी, डिवोर्स का कागज़ है?” नाही म्हटलं. “डेथ सर्टिफिकेट?” म्हटलं, माणूस भिलाईत आहे, प्लांटमध्ये नोकरी करतो, पगार घेतो. “तो फिर पापा का साइन लगेगा.”

म्हणून पत्र. संमतीपत्र सोबत जोडलं आहे. नोटरीसमोर सही करून, पॅन कार्डाची झेरॉक्स लावून स्पीड पोस्टानं पाठवा. माझा फोन नंबर पाकिटावर लिहिला आहे, काही शंका असली तर विचारा.

कळावे,
नीलिमा

---

पुरानी बस्ती, रायपूर
दि. ८ मार्च २०२५

श्री. यशदीप यांस,
सप्रेम जयभीम.

संमतीपत्र पोचलं. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आभार.

आणखी एक कागद आहे, तेवढा करून द्या. शाळेनं जानेवारीत स्वतःचा एक फॉर्म भरून घेतला होता, तोही व्हिसाच्या फाइलीत जातो. तो थोडा खराब झाला म्हणून नवा भरायचा आहे. शाळेच्या क्लार्कनं नव्याला जुना नत्थी करून दिला आहे, नवा त्याच्या बदली आहे म्हणून. जिथे पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथे सही करा. बाकीची पानं तुमच्या कामाची नाहीत.

रुचिताची परीक्षा चालू आहे. तुमची चौकशी करते. आई आता काठी घेऊन चालते.

कळावे,
नीलिमा

---

पुरानी बस्ती, रायपूर
दि. १९ मार्च २०२५, बुधवार

यशदीप,
जयभीम.

आई बरी आहे. मी बरी आहे. रुचिता बरी नाही.

तुम्ही पान उलटलंत. जुन्या फॉर्मवर तुमच्या नावाची सही पाहिलीत, ती तुमची नव्हती, आणि फॉर्मच्या डोक्यावर छापलेल्या नंबरवर तुम्ही शाळेत फोन लावलात. काय म्हणालात तेही मला कळलं, कारण पद्मिनी मॅडमनी ते कागदावर लिहून ठेवलं होतं आणि माझ्यासमोर वाचून दाखवलं. “ये साइन मेरा नहीं है. कल को कुछ हुआ तो मेरे ऊपर मत डालिए.”

पद्मिनी मॅडम म्हणजे शाळेच्या प्राचार्य. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही.

माझा नंबर दोन पत्रांपूर्वीच तुमच्या हातात होता. मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की हो, मी केली. चिरागनं दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा दोन वेगळ्या सह्या दिसल्या, म्हणून फॉर्म बदलत होते. खराब झाला वगैरे खोटं होतं. पण तुम्ही मला विचारलं नाही. नऊ वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मुलीच्या शाळेत फोन केला, आणि तो तिच्या आईची तक्रार करायला.

आणि तुम्ही म्हणालात त्यात एक अक्षर खोटं नाही. ती सही तुमची नव्हतीच. त्याचाच तर राग आहे! खरं बोलायला तुम्हाला काय लागतं? भिलाईला बसून दोन मिनिटं लागतात.

सोमवारी दुपारी मला ऑफिसातून बोलावून घेतलं. ऑफिस नवा रायपूरला, तिथून त्या वेळेला बस नसते. साहेबांच्या ड्रायव्हरला हात जोडले तेव्हा पोचले. रुचिता आधीच मॅडमच्या केबिनमध्ये बसलेली, परीक्षेचा पॅड मांडीवर. टेबलावर तो जुना फॉर्म, तुम्ही शाळेला परत पाठवलेला. मॅडम म्हणाल्या, “नीलिमाजी, ये साइन किसका है?” मी म्हटलं, माझं. त्या काही बोलायच्या आत रुचितानं फॉर्म आपल्याकडे ओढला. बराच वेळ पाहिला. मग विचारलं,

“मम्मी, और रिज़ल्ट वाले?”

मी तिच्या हातातून फॉर्म काढून घेतला. तिला तेवढं पुरलं.

हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगावं लागतं. सांगायचं नव्हतं. पहिल्या पत्रातही नव्हतं सांगायचं, दुसऱ्यातही नव्हतं.

तुम्ही गेलात तेव्हा ती पहिलीत होती. सहामाहीचा निकाल आला. त्यावर दोन रकाने, आईची सही, वडिलांची सही. मी माझी करून पाठवलं. ती रडत परत आली, बाई म्हणाल्या होत्या पापा का भी लाओ. दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी तुमच्या जुन्या बँक पासबुकात बघून सही केली. दप्तरात ठेवताना तिनं पाहिलं. “पापा आए थे?” मी म्हटलं, हो, तू झोपल्यावर येऊन गेले.

एवढंच म्हटलं होतं. पण मुलं पुढचं विचारतात. काय म्हणाले? निकाल वाचला का? गणिताचे मार्क पाहिले का? मग पुढच्या वेळी मी सहीच्या वर एक ओळ लिहिली. ‘गणित में ध्यान दो.’ तुमचं अक्षर तिनं कधी पाहिलं नव्हतं, मला काढावंही लागलं नाही, डाव्या हातानं लिहिलं. त्या पुढच्या वेळी ‘शाबाश’. सहावीत ‘अक्षर सुधारो’. त्या उन्हाळ्यात पोरीनं वह्याच्या वह्या सुलेखन केलं, कारण पप्पांनी लिहिलं होतं. मी चार वर्षं तेच सांगत होते, माझं कोण ऐकतं!

सतरा निकालपत्रं आहेत. सतरांवर तुम्ही आहात. तुमच्या नावानं मी तिला रागावले, तुमच्या नावानं पाठ थोपटली. भिलाई ते रायपूर गाडीनं तासाभराचं अंतर. तुमचं एवढंही येणं झालं नाही, म्हणून मी तुम्हाला वर्षातून दोनदा घरी आणत होते.

हो, तुम्ही एकदा आला होता. ती तिसरीत असताना, डिसेंबरात, दुपारचे. मी दार उघडलं नाही. आतून म्हटलं, आता कशाला आलात. ते माझं, मी नाकारत नाही. पण एकदा, यशदीप. एकदा दार लागलेलं मिळालं आणि तुम्ही त्यावर पुढची सहा वर्षं काढलीत. मला सतरा वेळा पेन घ्यावं लागलं.

सोमवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढलं की जेवते, ताट उचलून ठेवते. नऊ वर्षं बोलला नाहीत तुम्ही, आणि अबोला माझ्या वाट्याला. तुमच्यावर ती चिडलेली नाही. तिच्या हिशेबी तुम्ही सरळ निघालात. तुमची सही खरी होती, संमतीपत्रावर, नोटरीच्या शिक्क्यासकट. खोटी मी निघाले.

काल सकाळी आईला राहवलं नाही. ती तिला म्हणाली, “काहून बोलत नाही वं मायशी? खोटं तिनं केलं, पण भाकर बी तिनंच केली ना?”

“नानी, आप मत बोलो. आपको भी पता था.”

“हव, माहीत होतं मले. मीच म्हटलं होतं तिले, कर सही, पोट्टी रडून राहिली. आता मले बी अबोला धर.”

रुचितानं तिलाही अबोला धरला. आता घरात मी आणि आई दोघीच एकमेकींशी बोलतो, तेही तिची शाळेतून यायची वेळ झाली की बंद.

आता कामाचं. नीट वाचा, पुन्हा लिहिणार नाही.

पद्मिनी मॅडमनी तिचं नाव अजून काढलं नाही. त्यांनी मला सांगितलं की सगळ्या निकालपत्रांचं प्रकरण करायची त्यांची इच्छा नाही, पण हा फॉर्म सरकारी कामाला जातो, त्यावर वडिलांनी स्वतः येऊन त्यांच्यासमोर सही करायची. सोमवार, २४ मार्च, सकाळी अकरा. आधार कार्ड मूळ प्रत. मंगळवारी चिराग बाराही फाइली घेऊन निघणार. तुम्ही आला नाहीत तर तो अकरा घेऊन निघेल. त्याला मी गयावया केली, एक-दोन दिवस थांब म्हटलं, तर म्हणाला, “दीदी, एम्बेसी मेरी मौसी की है क्या?” बरोबर आहे त्याचं.

प्लांटमध्ये सुटी मिळत नाही हे लिहू नका. नोटरीकडे जायला मिळाली होती.

एवढ्यावर पत्र संपलं असतं. पण काल संध्याकाळी रुचितानं आईशी धरलेला अबोला तेवढ्यापुरता मोडला, आणि माझ्याकडे पाठ करून, आईकडे बघून, मला ऐकू जाईल अशा आवाजात एक गोष्ट सांगितली. तिनं सतराही निकालपत्रं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आहेत, पहिलीचं वर, नववीचं खाली. सोमवारी ती पिशवी घेऊन येणार. “साइन बाद में. पहले ये पढ़ेंगे. सब. मेरे सामने बैठ के.” आईनं विचारलं, आणि त्यानं नाही वाचलं तर? “तो मुझे उनका साइन नहीं चाहिए. जापान भी नहीं चाहिए.”

मी मध्ये पडले. म्हटलं, सही होऊ दे, वाचायचं नंतर बघू, व्हिसा महत्त्वाचा. तिनं पिशवीला गाठ मारली. तिची अट मला मान्य नाही, पण मला कोणी विचारलेलं नाही. मॅडमना मी सांगून ठेवलं आहे, त्या शेजारची खोली उघडून देणार आहेत. मी आत येणार नाही. बाहेर बाकावर बसेन.

तेव्हा वेळ काढून या. सतरा निकाल आहेत. प्रत्येक विषयाचे मार्क आहेत, हजेरीचे दिवस आहेत, बाईंचे शेरे आहेत. तिसरीतला दुसरा निकाल फाटलेला आहे, तो तिनंच फाडला होता, तुम्ही ‘शाबाश’ लिहिलं नव्हतं म्हणून. मग तिनंच चिकटवला. सावकाश उघडा.

वाचताना ‘हे मी लिहिलं नाही’ असं एकदाही म्हणू नका. ते तिला माहीत आहे, आता तिच्या शाळेलाही माहीत आहे, तुमचं नाव त्यातून मोकळं झालं आहे. त्या जागी तुम्ही स्वतः काय लिहिलं असतं तेवढं प्रत्येक पानाला सांगा. सुचलं नाही तर गप्प बसा, पण पान उलटायच्या आधी पूर्ण वाचा. मध्येच घड्याळ पाहिलंत तर ती उठून जाईल. मी तिला ओळखते. ती उठली की मग जपानचा राजा आला तरी बसणार नाही.

लोभ नसला तरी चालेल. सोमवारी अकराला हजर असावे.

रुचिताची आई,
आणि नऊ वर्षं तिच्या वडिलांच्या रकान्यातलीही,
नीलिमा