वर्षावासातलं पान

आई, आज वर्गात एका मुलीने अख्खा धडा मला घडाघडा वाचून दाखवला, आणि तिला एकही अक्षर येत नाही. पहिलीतली आहे. मोठ्या बहिणीकडून ऐकून ऐकून पाठ केलेला. बोटही ओळीखालून बरोबर सरकत होतं. असं मूल ओळखायची साधी रीत आहे, मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हा वाच. मी ठेवलं. ती थांबली, माझ्याकडे बघत म्हणाली, "दीदी, शुरू से बोलूँ?"

तूही मध्ये कोणी टोकलं की पहिल्यापासूनच सुरू करायचीस. मदन महलच्या आपल्या घरात तू बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातल्या दुकानांतून आणलेल्या साड्यांना फॉल लावत बसलेली, आणि मी ग्रंथ मांडीवर घेऊन तुझ्यासमोर. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, विहारात रोज ग्रंथवाचन व्हायचं, वस्तीतल्या प्रत्येक बाईच्या वाट्याला एक पान. तू सगळ्यांना चौथी पास असल्याचं सांगितलेलं, वाचता मात्र येत नव्हतं. म्हणून तुझं पान मी आठवडाभर आधीपासून तुला वाचून द्यायची आणि तू पाठ करायचीस. मी जांभई दिली की म्हणायचीस, "काहून थांबली? चलो, एकदा अजून." बाबा फॅक्टरीतून यायच्या आत हे उरकायचं असायचं, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. दरवर्षी पार पडलं. मी दहा वर्षांची असताना मात्र पडलं नाही.

त्या दिवशी तू पांढरी साडी नेसली होतीस. ग्रंथासमोर बसलीस, बोट ठेवलंस आणि एकाही शब्दावर न अडखळता म्हणायला लागलीस. तुझ्यानंतर वाचणारी बाई शेजारीच होती. ती हळूच म्हणाली, "ताई, हे म्हणताय ते माझं पान आहे. तुमचं याच्या आधीचं." तू पान बघितलंस. मग तेच शब्द पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलीस. दुसरे तुझ्याकडे नव्हतेच. विहारात कोणी हसलं नाही, लोक चांगले होते. मागून कोणीतरी म्हणालं, "चष्मा घरी राहिला वाटते." तू म्हणालीस, "हो ना, राहिला." तुला चष्मा नव्हताच. घरी येताना माझा हात धरून म्हणालीस, "माझंच ध्यान नव्हतं, बाई. तू तर बरोबर वाचून दिलं होतं." त्यानंतर तू पान घेतलं नाहीस. विहार झाडायचीस, खीर वाटायचीस.

मी शिक्षिका झाले तेव्हा एकदा तुला समोर बसवलं. मुलांना शिकवते तसंच, आधी अक्षराचा आवाज, मग दोन आवाज जोडायचे. न, ल, नल, म्हणजे आपला नळ. तू तीन दिवस बसलीस. चौथ्या दिवशी पाटी बाजूला सारलीस. "मले नाही जमत. माझ्या डोक्यात काही राहतच नाही. विहारात पाहिलं ना तू." मला तेव्हा सांगता आलं असतं. मी पाटी पुसली आणि भाजी चिरायला घेतली. तुला जाऊन आता बारा वर्षं झाली. तेव्हाही मला फारसं रडू आलं नव्हतं आणि आता हे लिहितानाही येत नाही.

आज त्या मुलीला मी रागावले नाही. सुट्टीत जवळ बसवलं, पुस्तक मिटलं आणि पाटीवर दोनच अक्षरं काढली. पुष्कळ वेळ लागला. मग ती म्हणाली, "न... ल... नल." आणि घाबरून विचारलं, "सही है?" मी मान हलवली.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. तू असतीस तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि एक ओळ मी नक्की गाळली असती. त्या वर्षी तुझं पान पूर्ण भरलेलं होतं आणि खाली मैत्रिणी हाका मारत होत्या. पुढचं पान अर्धंच होतं. आठवडाभर मी तुला ते पुढचं वाचून दिलं.