शांत कोंबड्याचा सिद्धान्त

४ जानेवारी, सकाळ
पिशवीतलं कापलेलं चिकन आणि खोक्यातली अंडी विकत आणणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो! (समोर कोणी नाही. पण सुरुवात नीट झाली की पुढचं सुचतं.) आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपल्या ताटात जे पडतं ते कुठे वाढलं, कसं मेलं, हे आपल्याला कोणी सांगत नाही. आणि आपण मुकाट गिळतो. आता बस झालं. आजपासून या घरात अंडी परसातली, मांस परसातलं. पाव, चीज, सिरका, सगळं घरचं. संकल्प हिला ऐकवला. ही म्हणाली, परसातला नळ गळतोय, आधी तो बघा.

२ फेब्रुवारी
अडीच महिन्यांची पिल्लं आणली. तिन्ही माद्या आहेत, असं विकणारा छातीठोकपणे म्हणाला. खुराडं मी स्वतः बांधलं. दार आत उघडतं. पिल्लं दाराला टेकून बसली की उघडत नाही. डिझाइनमध्ये दोष नाही, पिल्लांना शिस्त नाही.
नियम: ज्याला खायचं, त्याला नाव ठेवायचं नाही. लेकीला बजावलं.
पाव केला. मेव्हणा टपकला. दोन्ही हातांनी तो उचलून म्हणाला, दाजी, हा दाराला अडकण म्हणून लावा, खुराडं उघडं राहील. माणसाने थट्टेला उत्तर देऊ नये. (अडकण चांगली बसते.)

८ मार्च
वाचन जोरात. सगळे जाणकार एका गोष्टीवर ठाम आहेत: घाबरलेल्या पक्ष्याचं मांस चिवट होतं. मरताना शांत असणं हा त्याचा हक्क, आपलं कर्तव्य. त्याला पत्र्याच्या मोठ्या नरसाळ्यात डोकं खाली करून ठेवायचं. धारदार सुरी. एक क्षण. नरसाळं करून आणलं.
तिघींपैकी एक आज पहाटे आरवली. आधी कोणाला खायचं, हा प्रश्न निसर्गानेच सोडवला.
चीज: दूध नासण्यापर्यंत सगळं बरोबर झालं. फडक्यात बांधून कपाटाच्या कडीला टांगलं. ते आत ठिबकलं. हिने कपाटातली आपली भिजलेली शाल घडी करून माझ्या उशीवर ठेवली आहे. बोलली काही नाही. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

१३ एप्रिल
मंडळात भाषण. विषय: ताटाची जबाबदारी. 'ज्याच्या हाताला मारवत नाही, त्याच्या जिभेला खाण्याचा अधिकार नाही!' टाळ्या थांबेनात. त्या थांबाव्यात म्हणून जाहीर केलं की मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी माझ्या परसात यावं. मी स्वतःच्या हाताने करून दाखवीन आणि जेवू घालीन. टाळ्या वाढल्या.
हिने विचारलं, सगळे म्हणजे किती? मग विचारलं, मागे माझं बोट कापलं, तेव्हा चक्कर येऊन कोण पडलं होतं? तो उन्हाचा त्रास होता. स्वयंपाकघरातही ऊन येतं.

२० एप्रिल
पक्ष्याला आपल्या हाताची आणि आवाजाची सवय हवी, म्हणजे शेवटी तो घाबरत नाही. रोज संध्याकाळी कोंबड्याला मांडीवर घेऊन हळू आवाजात बोलतो. त्याच्याशी बोलणार काय? मे महिन्यातल्या त्या रविवारच्या भाषणाचा सराव करतो. पहिला मुद्दा तो मान तिरकी करून ऐकतो. दुसऱ्याला डोळे मिटतो.
लेक म्हणाली, बाबा, हा अगदी तुमच्या सभेतल्या अध्यक्षांसारखा झोपतो. आता ती त्याला अध्यक्ष म्हणते. नियम तिने मोडला. मी फक्त हाक मारतो.

२ मे
प्रगती थक्क करणारी. अध्यक्ष माझं पाऊल ओळखतात. दार उघडलं की थेट मांडीवर. आज रंगीत तालीम केली. नरसाळ्यात ठेवलं, बोलत राहिलो; तिथेही झोपले. सुरी हातात घेतली. धार कमी वाटली. ठेवली.

८ मे
धार लावून आणली. जरा जास्तच झाली. अशी सुरी हाताळणं बेजबाबदारपणाचं आहे.
सिरक्याची बाटली दुपारी फुटली. दोन्ही कोंबड्यांनी त्या धसक्याने नुकतंच सुरू केलेलं अंडी देणं बंद केलं. अध्यक्ष मात्र माझ्या पायाशी येऊन उभे राहिले. मेव्हणा म्हणाला, दाजी, रविवारी याच्याकडूनच आभारप्रदर्शन करून घ्या.

१० मे, संध्याकाळ
उद्यासाठी पोट रिकामं हवं. आज दाणे नाहीत, फक्त पाणी.
थोडे दिले. उपाशी पक्षी अस्वस्थ होतो आणि अस्वस्थ पक्षी सिद्धान्तात बसत नाही.
हिने विचारलं, उद्या जमणार आहे का? नसेल तर आत्ताच सांगा, सकाळी मंडळी दारात येतील. मी म्हणालो, या घरात माझ्या शब्दाची किंमत फक्त मलाच आहे.

११ मे, रविवार, दुपार
मंडळी सकाळीच आली. पुढच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. आधी तत्त्व, मग प्रात्यक्षिक, असं ठरवलं. तत्त्व थोडं लांबलं. काही गोष्टी मुळापासून सांगाव्या लागतात. एक जण म्हणाला, आता परसात जाऊ या. त्याला चौथा मुद्दा पुन्हा समजावून सांगितला. सहावा मुद्दा संपत आला तेव्हा मागून वास आला. कांद्याचा. मग नुसत्या कांद्याचा नाही.
ही दारात येऊन म्हणाली, पानं मांडली आहेत.
मी आत जाऊन विचारलं. तिने हात पुसले.
"नरसाळ्यात घातला तरी हलला नाही. पुढून तुमचा आवाज येत होता ना, डोळे मिटून पडला. तेवढ्यात उरकलं."
म्हटलं, मला बोलवायचंस.
"बोलावलं असतं तर तुम्ही आला असता. मग मंडळी जेवली कधी असती? आणि तुमच्या शब्दाची किंमत मलाही आहे हो."
सगळे पोटभर जेवले. लोण्यासारखं मांस, सिद्धान्त सिद्ध झाला, असं प्रत्येक जण सांगून गेला. मेव्हण्यानेही थट्टा केली नाही. मी पोट बिघडल्याचं सांगितलं. लेकही जेवली नाही. तिला कारण कोणी विचारलं नाही.

१२ मे
मंडळातून फोन. हाच विषय पुढच्या महिन्यात पुन्हा मांडा म्हणाले. बघतो म्हणालो.
बंधू-भगिनींनो, सिद्धान्त बरोबर होता. त्यात कुठेही चूक निघाली नाही, हीच अडचण आहे. दोन्ही कोंबड्या जाळीला लागून उभ्या आहेत. हल्ली त्याही माझं पाऊल ओळखतात. सकाळपासून मी घरात अनवाणी, भिंतीच्या कडेने चालतो आहे. ही बाजारात गेली आहे, लेक दार लावून बसली आहे. माझी आपणा सर्वांकडे एकच मागणी आहे. कोणीतरी उठा, परसात जा, आणि त्यांना दाणे घाला. बोलू नका. नुसते दाणे घाला.