दीड विटेवर थांबलेलं पाणी

वाडी, नागपूर
२३ मे १९८२

मुळमुळे साहेब, गोदामवाल्या चंपतरावाचा रामराम.

मागच्या वर्षी विमा उतरवण्याआधी तुम्ही गोदाम तपासायला आले आणि म्हणाले, "पोत्यांची थप्पी जमिनीवर नको. खाली दोन विटा रचा, वर फळ्या टाका, मगच सही करतो." मी तोंडावर हो म्हटलं आणि मनात शिव्या घातल्या. सही झाल्याबरोबर विटा काढायलाही सांगितलं होतं. पण रामाजी हमाल म्हणाला, "मालक, दोनदा थप्पी हलवली जी. आता पाठ नाही म्हणून राहिली." म्हणून विटा राहिल्या.

परवा भर उन्हाळ्यात असा पाऊस कोसळला की नाल्याचं पाणी गोदामात शिरलं. आत कुही गावच्या आमच्या अख्ख्या भावकीचं धानाचं बियाणं होतं. पाणी ओसरल्यावर ओल मोजली, तर दीड वीट! एकही पोतं भिजलं नाही. शेजारचे नुकसानीचे फॉर्म भरून राहिले, माझ्याकडे भरायला काहीच नाही.

काल धाकटा भाऊ बियाणं न्यायला आला. म्हणाला, "दादा, तुले लय दूरचं दिसते गा!" मी नुसती मान डोलावली.

हे तुम्हाला कळवावं म्हणून बसलो. पण मी तुम्हाला ओळखतो. पत्र वाचून तुम्ही तिसरी वीट सांगाल. ती मी आज सकाळीच रचून घेतली. रामाजीनं पाठीचं नावही काढलं नाही. मात्र ती तुमच्या सांगण्यावरून रचली, असं व्हायला नको. म्हणून हे पत्र माझ्याच खिशात राहील.

तुमचा ऐकणारा,
चंपतराव